पुढच्या चाकातील घरघर : ब्रेकचा दोष ओळखावा कसा?

हवेली पद्धतीच्या बांधबंदिस्त शेतांत पावसाळाभर अडवून ठेवलेले पाणी सोडले, की जबलपूर परिसरात रब्बीची लगबग सुरू होते. गहू, हरभरा व मटार यांच्या पेरणीच्या या दिवसांत विस्तार कार्यकर्त्यांच्या गाड्या पाटण, सिहोरा या भागांतील ओल्या काळ्या मातीतून रोज ये-जा करतात. ही माती चाकाच्या आतील बाजूस थापली जाते, तेथेच वाळते आणि तिच्याबरोबर बारीक खडेही अडकून राहतात. त्यानंतर एखाद्या सकाळी ब्रेक दाबताच पुढच्या चाकातून घरघर ऐकू येते. चिखलाचाच आवाज असेल, दोन दिवसांनी आपोआप थांबेल, असे समजून गाडी पुढे नेली जाते. पुष्कळदा ही समजूत खरीही ठरते. परंतु ज्या वेळी ती खरी नसते, त्या वेळी पॅडचा पोलादी पत्रा थेट डिस्कवर घासत असतो.

जबलपूरला वाहने नवी नाहीत. शक्तिमान ट्रकची निर्मिती येथील तोफगाडी कारखान्यात 1959 मध्ये सुरू झाली, पुढे वाहन निर्माणी उभी राहिली आणि लष्कराची जोंगा याच शहरातून बाहेर पडू लागली. जोंगाच्या चाकांना ड्रम ब्रेक असत. त्यामुळे रिछाई औद्योगिक वसाहतीच्या आसपास काय किंवा विदर्भातील तालुक्याच्या गावी काय, जुने कारागीर आजही सरसकट ‘लायनर गेले’ असेच म्हणतात. आजच्या बहुतेक मोटारींत व पिकअप गाड्यांत मात्र पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना असते. पुढच्या चाकात चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड कॅलिपरमध्ये बसवलेले असतात. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे अधिक काम पुढच्या चाकांवर येते व तेथील पॅड लवकर झिजतात.

ट्रॅक्टर चालवण्याची सवय असलेल्यांनी एक भेद विशेष लक्षात घ्यावा. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांसाठीच असतात, वेग कमी असतो आणि यंत्राच्या गोंगाटात लहानसहान आवाज कानाआड जातात. मटारची पोती भरून मंडल्याच्या बाजूच्या उतारावरून येणाऱ्या पिकअपला हा निष्काळजीपणा परवडणारा नाही.

आवाज केव्हा येतो?

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, कानाने करावी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर काचा खाली करून गाडी हळू चालवावी आणि आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो की न दाबताही येत राहतो, हे पाहावे. या एकाच प्रश्नाच्या उत्तराने निम्मे काम होते.

ब्रेक न दाबताही पत्रा ओरबाडल्यासारखी खरखर सतत येत असेल, तर डिस्कच्या मागील पातळ पत्र्यात खडा अडकलेला असणे किंवा तो पत्रा चिखलाच्या ढेकळाने वाकून डिस्कला टेकलेला असणे संभवते. गाडी थोडी मागे-पुढे घेतल्यास खडा कित्येकदा आपण होऊन गळून पडतो. वाकलेला पत्रा चाक काढून हाताने सरळ करता येतो. चिखलातून प्रवास झालेला असल्यास प्रथम संशय यांचाच घ्यावा, कारण हा दोष स्वस्त आहे.

वेगाबरोबर वाढत जाणारी, गुणगुण व घरघर यांच्या मधली धून असेल, तर दोष ब्रेकचा नसून चाकाच्या बेअरिंगचा असू शकतो. गाडी डावीकडे वळवताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी आवाज वाढला तर उजवे बेअरिंग तपासावे, उजवीकडे वळताना वाढला तर डावे. जॅकवर उचललेले चाक वर व खाली धरून हलवल्यास जाणवणारी ढिलाई हीही बेअरिंगची खूण होय, तथापि अशी ढिलाई स्टिअरिंगच्या सांध्यांमुळेही जाणवू शकते.

आता ब्रेक दाबल्यावरच येणारा आवाज. रात्रभर दवात किंवा पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो घासून जातो व आवाज थांबतो. याची चिंता नको. एबीएस असलेल्या गाडीत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास घर्र असा आवाज येऊन पायाखालचे पेडल थरथरते. एप्रिल 2019 पासून भारतातील नव्या मोटारींत ही प्रणाली अनिवार्य असल्याने नव्या गाडीचा चालक या थरथरीला दचकून पाय उचलतो. तसे करू नये, कारण प्रणाली आपले काम करीत असते.

बारीक, तीक्ष्ण किंचाळी ही पुढची पायरी. अनेक पॅडना एक लहान धातूची पट्टी जोडलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला लागून किंचाळते. ही सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, की काही काळाने किंचाळीची जागा जाड, दाणेदार घरघर घेते आणि ती पेडलमधून तळपायालाही जाणवते. येथे मात्र थांबावे. घर्षणाचा थर संपून लोखंडावर लोखंड घासत असते, थांबण्याचे अंतर वाढलेले असते आणि प्रत्येक किलोमीटरला डिस्कवर चर पडत असतात. ज्या दुरुस्तीत केवळ पॅड लागले असते, त्यात आता डिस्कचीही भर पडते. अशी गाडी भार भरून घाटात नेणे धोक्याचे आहे; जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची असल्यासही रिकामी व सावकाश न्यावी, आणि पेडल खाली जात असेल तर ओढूनच न्यावी.

चाक काढून पाहताना

सपाट, कठीण जमिनीवर हँडब्रेक लावून मागील चाकांना दगडाची उटी द्यावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी घ्यावी, आणि केवळ जॅकच्या आधारावर उभ्या गाडीखाली शिरू नये. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारणतः 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलणे योग्य. बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून समाधान मानू नये. आतला पॅड आधी संपलेला असणे ही अत्यंत नित्याची बाब आहे. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखलाने व गंजाने जाम झाल्या, की एकच पॅड झिजत राहतो. अशा वेळी गाडी एका बाजूस ओढते आणि प्रवासानंतर तेच चाक दुसऱ्यापेक्षा अधिक तापलेले आढळते. ताप पाहण्यासाठी तळहात जवळ न्यावा, डिस्कला लावू नये. पिना जाम ठेवून नुसते नवे पॅड घातल्यास काही महिन्यांत तीच घरघर परत येते. गॅरेजमध्ये सर्वाधिक हयगय होते ती इथेच.

पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलची पातळीही थोडी खाली जाते. वरून ऑइल भरून मोकळे होणाऱ्याच्या हातून ही खूण पुसली जाते. पातळी घटलेली दिसल्यास आधी पॅड पाहावेत, गळती तपासावी, मग ऑइलचा डबा उघडावा.

आवाज थांबावा म्हणून डिस्कवर ऑइल, डिझेल वा ग्रीस सोडण्याचा एक घातक उपाय काही ठिकाणी केला जातो. आवाज थांबतो, त्याबरोबर ब्रेकही जातो. ऑइल शोषलेले पॅड पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत. ग्रीस फक्त सरकत्या पिनांना, तेही रबर न फुगवणारे सिलिकॉनचे लावावे. पॅडची भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे व ते श्वासावाटे जाणे अपायकारक आहे. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुणे बरे.

पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मोजमाप त्याहून कमी भरल्यास लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, डिस्क बदलावीच लागते. पॅड बसल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कठीण लागेपर्यंत दाबून घ्यावे. पहिले 200 ते 300 किलोमीटर अचानक, जोराचे ब्रेक टाळावेत, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात. जुने पॅड गॅरेजमधून मागून घ्यावेत. ते सारखे झिजले आहेत की तिरपे, यावरून कॅलिपरची अवस्था कळते.

क्षेत्रभेटीहून परतताना चाकांची आतली बाजू पाण्याने धुण्याचा आणखी एक लाभ तण व्यवस्थापनाशी निगडित आहे. गाजरगवताचे सूक्ष्म बी चाकांच्या चिखलातून एका शेतातून दुसऱ्या शेतात सहज जाते. म्हणून गाडी शेत सोडण्यापूर्वी बांधाजवळच, पाणी पुन्हा पिकात न जाईल अशा जागी धुवावी, आणि लगेच रस्त्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक लावून डिस्क कोरड्या करून घ्याव्यात.