सर जाणार म्हणे!

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. धाकट्या बहिणीचं पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दोन-अडीच महिन्यांसाठी मी तिच्याकडे अमेरिकेत गेले होते. कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डपासून अर्ध्या तासावर तिचं घर. एका सकाळी मी तिच्यासाठी पेज करत होते, तर भाचा जिन्यावरून धाडधाड उतरला. चेहरा असा, की सांगलीहून काही वाईट बातमी आली की काय, असंच मला वाटलं. हातात पळी तशीच.

"काय झालं रे?"

"मावशी, हर्ली जाणार म्हणतायत. लेकर्सकडे. लॉस एंजेलिसला!"

"कोण हर्ली? तुझा मित्र का?"

पलंगावर पडलेली बहीण पोट धरून हसायला लागली. "अगं ताई, त्यांच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच तो. आणि मला हसवू नका गं दोघं, टाके ओढतात!"

कॉलेजच्या टीमचा कोच जाणार म्हणून कुणी इतकं कासावीस होतं? आपल्याकडे कॉलेजच्या टीमचे सामने बघायला खेळाडूंचे मित्र आणि दोन प्राध्यापक असतात. तेही चहापाण्याची सोय असेल तर! पण तिथं तसं नाही हे मला हळूहळू कळत गेलं.

भाचा शिकतो ते कनेक्टिकट विद्यापीठ, सगळे त्याला 'यूकॉन' म्हणतात. ते आहे स्टॉर्स नावाच्या गावात. १८८१ साली शेतकीची शाळा म्हणून सुरू झालेलं. आजही आवाराच्या कडेला टेकडीवर गाई चरतात आणि त्यांच्या दुधाचं आइस्क्रीम खायला लांबून माणसं येतात. (मीही खाल्लं. छान होतं, पण आपल्या सीताफळ मस्तानीची सर नाही.) तर अशा आडगावातल्या कॉलेजची मुलांची टीम १९९९ ते २०२४ या पंचवीस वर्षांत सहा वेळा देशात पहिली आली. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं, आणि दोन्ही वेळा स्पर्धेतले सहाच्या सहा सामने दहाहून जास्त गुणांच्या फरकानं जिंकून. मुलींची टीम तर त्याहून पुढे. पण त्याबद्दल नंतर.

डॅन हर्ली २०१८ मध्ये इथं आले तेव्हा मुलांच्या टीमची पार रया गेली होती. त्यांच्या पहिल्या वर्षी सोळा सामने जिंकले आणि सतरा हरले. तिथून पाच-सहा वर्षांत दोन विजेतेपदं. मग अशा माणसाला मागणी येणारच की! त्याच एप्रिलमध्ये केंटकी विद्यापीठाचे प्रशिक्षक आर्कन्सॉला गेले, तेव्हाही हर्लींचं नाव चघळलं गेलं होतं. आणि आता थेट लेकर्स. म्हणजे कॉलेजचं बास्केटबॉल सोडून व्यावसायिक, सतरा विजेतेपदं मिळवलेली टीम. आकडा बाहेर आला तो सहा वर्षांचे सात कोटी डॉलर. भाच्यानं सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात रुपये करायला गेले आणि शून्यांत हरवले.

शेजारी एक आजी राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, एकट्याच. बहीण घरी आल्यापासून एक दिवसाआड काही ना काही शिजवून आणायच्या. त्या दिवशी दुपारी आल्या त्या डोक्यावर गडद निळी टोपी घालून, तिच्यावर पांढऱ्या हस्की कुत्र्याचं चित्र. उन्हाची म्हणून घातली असेल असं मला वाटलं. बहीण कानात म्हणाली, "अगं, ती निषेधाची टोपी आहे. रेडिओवर सकाळपासून लोक म्हणतायत ना, की असल्या खेड्यात कोण राहील म्हणून."

आजींनीच मला समजावून सांगितलं, की हे वेड आलं कुठून. या राज्याची एक मोठी व्यावसायिक टीम होती, हार्टफर्डची आइस हॉकीची. ती १९९७ साली मालकानं उचलून दुसऱ्या राज्यात नेली. एका बाजूला न्यूयॉर्क, दुसऱ्या बाजूला बोस्टन, मधे हे चिमुकलं राज्य. लोक गाडीतून झरकन पार होतात, थांबत नाहीत. "मग आमचं म्हणून उरलं काय, तर ही कॉलेजची पोरं," आजी म्हणाल्या. मला एकदम आपल्याकडची एसटी आठवली, जी मोठ्या गावांच्या मधल्या आपल्या गावात थांबतच नाही!

शनिवारी बहिणीला बघायला मेहुण्यांचे एक मित्र सहकुटुंब आले. मूळचे सातारचे, शिक्षण केंटकीत झालेलं. आता केंटकी म्हणजे या खेळातलं खानदानी घराणं, आठ विजेतेपदं, वीस हजारांवर माणसं बसतील एवढं स्टेडियम. जेवणं होईपर्यंत सगळं ठीक होतं. आमटीभात झाला, मी ताकाचा पेला पुढे केला, आणि हे गृहस्थ भाच्याला म्हणाले, "काय रे, चालला ना तुमचा कोच? मी एप्रिलमध्येच म्हटलं होतं. यूकॉन म्हणजे पायरी आहे, मुक्काम नव्हे."

झालं! भाच्याचे कान लाल. मग जी जुंपली! तुमचं शेवटचं विजेतेपद २०१२ चं, आमची त्यानंतर तीन. तुमचा कोच तुम्हाला सोडून आर्कन्सॉला गेला, आमच्यावर काय हसता? त्यावर हे म्हणाले, अभ्यासात मागे पडल्याबद्दल २०१३ मध्ये तुमच्याच टीमला स्पर्धेतून बाहेर ठेवलं होतं ना? भाचा क्षणभर गप्प झाला. कारण ते खरं होतं. मग म्हणाला, "हो, ठेवलं होतं. आणि पुढच्याच वर्षी आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात समोर कोण होतं, आठवतंय का काका?" समोर केंटकीच होतं! काकांनी ताक एका घोटात संपवलं.

मला हसू येत होतं, पण आत कुठेतरी टोचतही होतं. त्याचं कारण सांगते.

आमच्या सांगलीत एका वस्तीतल्या मुलींसाठी आम्ही काही बायका मिळून संध्याकाळचा वर्ग चालवतो. अभ्यास, आणि अभ्यास झाला की खो-खो. एका शाळेचं मैदान मिळालं होतं आणि शिकवायला एक तरुण सर. विनाअनुदानित शाळेत नोकरी, पगार कधी हातात पडेल याची खात्री नाही, पण संध्याकाळी साडेपाचला मैदानावर हजर. चार वर्षांत चौदा मुलींची टीम उभी केली त्यांनी. जिल्ह्यात दुसऱ्या आल्या मुली. ज्या वडिलांनी पोरीला हाफ पॅण्ट घालू द्यायला नकार दिला होता, तेच पुढे सामन्याला शिट्ट्या मारायला यायचे. त्यांचा विश्वास आमच्या मंडळावर नव्हता, सरांवर होता.

२०२२ च्या उन्हाळ्यात कुजबुज सुरू झाली, सर पुण्याला जाणार म्हणे. निवासी शाळा, राहायला खोली, तिप्पट पगार. मी घरोघर फिरून सांगत होते, "छे छे, सर कुठंही जाणार नाहीत. अफवा आहे." सरांना मात्र एकदाही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल ना! आणि एक दिवस ते सांगायला आले तेव्हा मी, समाजसेवेत वीस वर्षं काढलेली बाई, चार बायकांसमोर त्यांना म्हणाले, "मोठं झालात की सगळ्यांना पुणंच दिसतं. या पोरी काय, पायरीच होत्या तुमच्या."

तोच शब्द. पायरी. म्हणून टोचलं.

सर काही बोलले नाहीत. गेले. चौदातल्या नऊ मुलींनी त्या वर्षात खेळ सोडला.

रविवारी आजी आम्हाला स्टॉर्सला घेऊन गेल्या. बहिणीचं ऑपरेशन झाल्यापासूनचं हे पहिलंच बाहेर पडणं, म्हणून गाडीत उशा रचून तिला बसवलं. सुट्टीमुळे आवार रिकामं. गॅम्पेल पॅव्हिलियन नावाची ती मोठी घुमटाची इमारत, दहा हजार माणसं मावणारी. आजी सांगत होत्या मुलींच्या टीमबद्दल. १९८५ मध्ये जिनो ऑरिएमा नावाचे प्रशिक्षक आले. सात वर्षांचे असताना इटलीहून अमेरिकेत आलेला हा मुलगा. ते आले तेव्हा यूकॉनच्या मुलींनी जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त असं एकच वर्ष त्यांच्या इतिहासात होतं. तिथून २०१६ पर्यंत अकरा विजेतेपदं, आणि एकदा तर सलग १११ सामने जिंकले. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी आलेल्या सहप्रशिक्षक ख्रिस डेली याही इतकी वर्षं इथंच राहिल्या. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे आजींनी मुद्दाम सांगितलं. मलाही ते मुद्दाम इथं लिहावंसं वाटलं.

मी विचारलं, "मग हर्ली गेले तर तुम्हाला राग नाही येणार?"

आजींनी जरा विचार केला. म्हणाल्या, "येईल. आठवडाभर येईल. माणसानं कुठं जावं हा त्याचा प्रश्न. पण हे गाव लहान म्हणून तो गेला, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार. आधी त्याला विचारा, गेला का म्हणून. परस्पर आमची किंमत ठरवू नका."

नंतर वाटेत त्यांनी हर्लींच्या वडिलांची गोष्ट सांगितली. बॉब हर्ली. न्यू जर्सीत आपल्या लोकांची भरपूर वस्ती आहे ना, त्याच जर्सी सिटीत सेंट अँथनी नावाची गरीब मुलांची शाळा होती. शाळेला स्वतःचं व्यायामगृहसुद्धा नव्हतं, बिंगो खेळायच्या हॉलमध्ये सराव चालायचा. बॉब दिवसा प्रोबेशन अधिकाऱ्याची नोकरी करायचे आणि संध्याकाळी मुलांना शिकवायचे. मोठ्या कॉलेजांनी बोलावलं तरी गेले नाहीत. राज्याची कितीतरी विजेतेपदं त्या शाळेला मिळवून दिली. आणि एवढं करूनही पैशांअभावी २०१७ मध्ये शाळा बंद पडलीच.

हे ऐकून मी गप्पच झाले. माणूस राहिला, आणि शाळा गेली. आपण आपले "सर राहिले असते तर" एवढंच धरून बसतो.

अर्थात सगळं गोडच होतं असं नाही. विद्यापीठात त्या वर्षी खर्चाला कात्री लावण्याची चर्चा जोरात होती, आणि राज्याच्या पगारपत्रकावर सर्वांत वरची नावं मात्र या दोन प्रशिक्षकांची! प्राध्यापकांना काय वाटत असेल? भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, मॅचच्या दिवशी तसलं काही विचारू नकोस." म्हटलं, अरे, आज मॅच कुठाय? म्हणाला, हीच मॅच आहे!

बायकांच्या पुरवणीत लिहितेय तर हेही सांगायला हवं. हर्ली महाअंधश्रद्धाळू. स्पर्धेच्या काळात ड्रॅगनचं चित्र असलेल्या त्याच त्या लकी अंतर्वस्त्रांत वावरतात, आणि सामन्या-सामन्यांच्या मधे ती धुण्याचं काम पत्नी अँड्रिया यांचं. त्यांनीच हे सगळ्या जगाला सांगून ठेवलंय. कोट्यवधी डॉलरचा माणूस, पण धुणं आपलं बायकोकडे! बहिणीला हे सांगितलं तर पुन्हा टाके धरून बसली.

सोमवारी, १० जूनला बातमी आली. हर्लींनी लेकर्सना नाही म्हणून कळवलं. भाच्यानं अशी आरोळी ठोकली, की माझ्या हातून फोडणीत मोहरी दुप्पट पडली. शेजारच्या आजी अंगणात येऊन टोपी हलवत होत्या. केंटकीवाल्या काकांना भाच्यानं फोन लावला, पण मी तो काढून घेतला. म्हटलं, जेवायला आलेला माणूस आहे, नको. (त्यानं नंतर मेसेज केलाच.) जुलैमध्ये हर्लींचा विद्यापीठाशी नवा करार झाला, सहा वर्षांचे पाच कोटी डॉलर. म्हणजे त्यागाबिगाची गोष्ट नव्हे ही, हेही खरंच.

पुढच्या वर्षी मुलांची टीम स्पर्धेत लवकरच हरली. मुली मात्र एप्रिल २०२५ मध्ये बाराव्यांदा जिंकल्या. आजींचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, तीच टोपी, शेजारी भाचा. पण ते नंतरचं.

त्या सोमवारी रात्री, आपल्याकडे सकाळ झाल्यावर, मी पुण्याला फोन लावला. दोन वर्षांनी. सर म्हणाले, "बोला ताई." मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, अमेरिका, बहिणीची तब्येत. मग म्हटलं, "सर, त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं."

ते म्हणाले, "राहू द्या हो." थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "जाताना एवढंच वाटलं होतं, की पोरी चांगल्या होत्या म्हणून मला पुण्यानं बोलावलं, हे तुम्ही तरी म्हणाल."

मला काही सुचेना. खरंच होतं ते. सर गेले तेव्हा वस्तीत, मैदानावर, शाळेच्या फाटकाशी मी सगळ्यांना सांगत सुटले होते, की आम्हाला टाकून गेले. आणि ते ऐकायला ती नऊच्या नऊ मुलं, म्हणजे आमच्या पोरी, तिथंच उभ्या होत्या.

"ती डावखुरी खेळते का अजून?" सरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "घरीच आहे. बारावी झाली."

"पोल टाकायची ती, काय टाकायची! तिला माझा नंबर द्या. बारक्या मुलींना शिकवायला उभी राहते का विचारू. मी महिन्यातून एका रविवारी येईन. एसटीचं तिकीट मंडळानं द्यायचं पण, ताई."

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई भाकरी थापत होती. वडील म्हणाले, "सरांचा फोन येऊन गेलाय. बसा."