सळई वर की खाली? : आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना बांधकाम कसं शिकवावं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. इमारत उभी राहील की नाही हे पाहायला स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो ना? मग आर्किटेक्चरच्या मुलांना तुळया, खांब, लोखंड हे सगळं पाच वर्षांत कशासाठी शिकवायचं? त्यांनी नकाशे काढावेत, बाकीचं इंजिनिअर बघेल.

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो.

शिक्षण संपता संपता मी एका साइटवर शिकाऊ म्हणून जात होतो. स्लॅब भरायचा दिवस होता. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीवर लोखंड बांधून तयार होतं आणि काँक्रीटची घमेली घेऊन माणसं त्यावरून ये-जा करत होती. सळया पायाखाली दबत होत्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि काही बोललो नाही. त्यात काही बिघडतंय हे मला कळलंच नाही.

पुढे सेंटरिंग काढलं. बाल्कनी जागची हलली नाही. काही दिवसांनी कठड्याच्या बांधकामासाठी तिच्या टोकाशी विटा रचल्या, तेव्हा भिंतीलगत वरच्या बाजूला आडवी चीर पडली आणि बाल्कनी खाली झुकली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. तोडल्यावर दिसलं की सगळ्या सळया काँक्रीटच्या तळाशी लोळत होत्या.

गंमत पाहा, त्याच वर्षी परीक्षेत कँटिलिव्हरचं गणित मी बिनचूक सोडवलं होतं. आकृतीत सळई वरच्या बाजूलाच काढली होती. पण कागदावरची ती रेघ आणि पायाखालची ती सळई एकच आहे, हे मला कोणी दाखवलं नव्हतं. आजचा विषय हाच आहे. ही दोन टोकं जोडायची कशी?

आधी अंग, मग आकृती

माझ्या वर्गाचा पहिला तास फळ्यावर होत नाही. मुलांना उभं करतो. हात आडवा सरळ धरा आणि मनगटात पुस्तकांची पिशवी अडकवा. अर्ध्या मिनिटात खांदा भरून येतो. मग विचारतो, ताण कुठे जाणवतोय? सगळे खांद्याच्या वरच्या भागावर बोट ठेवतात. आता पिशवी कोपरापाशी सरकवा. लगेच हलकं वाटतं. पिशवी तीच, वजन तेच, फक्त अंतर कमी झालं.

बाल्कनी म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला हात. ताण वरच्या बाजूला आणि तोही भिंतीपाशी सर्वात जास्त. शिवाय बाल्कनी लांब केली की तिचं स्वतःचं वजन वाढतं आणि त्या वजनाचं भिंतीपासूनचं अंतरही वाढतं. म्हणून लांबी दुप्पट झाली तर वाकवणारा जोर चौपट होतो. एक मीटरची बाल्कनी दीड मीटर केली तर तो जोर सव्वादोन पट होतो. घरमालक "अजून दीड फूट बाहेर घ्या की" म्हणतो तेव्हा हा आकडा आर्किटेक्टच्या अंगात भिनलेला असायला हवा.

दुसरा प्रयोग स्पंजचा. गादीत घालतात तसा फोमचा लांब तुकडा घ्या आणि त्याच्या बाजूवर पेनाने सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा. दोन पुस्तकांवर टेकवून मधे दाबा. वरच्या रेघा जवळ येतात, खालच्या फाकतात. म्हणजे वर दाब, खाली ताण. आता एक टोक टेबलावर घट्ट धरून दुसरं मोकळं सोडा आणि त्यावर दाबा. चित्र उलटं होतं, वरच्या रेघा फाकतात.

काँक्रीट दाबाला पक्कं आणि ताणाला कच्चं. ताण सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांश. म्हणून जिथे रेघा फाकतात तिथे सळई हवी. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ती खाली, बाल्कनीत वर. हा नियम पाठ करावा लागत नाही, स्पंज आठवला की पुरे.

मग ती बाल्कनी लगेच का पडली नाही?

हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा म्हणून मी थांबतो. कोणीतरी विचारतोच. आणि बांधकामातली सर्वात मोठी फसवणूक इथेच आहे.

काँक्रीट ताणाला कच्चं असलं तरी अगदीच शून्य नसतं. त्या एक दशांश ताकदीवर रिकामी बाल्कनी काही दिवस तग धरू शकते. सेंटरिंग काढल्यावर ती उभी दिसते आणि सगळे म्हणतात, काम झालं. मग विटा येतात, कठडा येतो, लग्नाच्या वरातीला दहा-पंधरा माणसं येऊन उभी राहतात. तेव्हा चीर पडते. चीर पडल्यावर ओढून धरायला वर सळईच नाही, त्यामुळे पुढची सूचना मिळत नाही.

थोडा हिशेब करू. समजा बाल्कनीचा स्लॅब १५० मिलिमीटर जाड आहे. वरची सळई तळापासून साधारण १२५ मिलिमीटर उंचीवर हवी. पायाखाली दबून ती ६०-६५ मिलिमीटरवर आली तर लोखंड तेवढंच, काँक्रीट तेवढंच, पण ताकद जवळजवळ अर्धी. तळाला टेकली तर ती असून नसल्यासारखी. एकही सळई चोरीला गेलेली नाही, बिलात एक किलोही कमी नाही, तरी घर धोकादायक झालं.

उपाय महागडे नाहीत. वरच्या सळयांखाली लोखंडाच्या छोट्या खुर्च्या बांधायच्या, खालच्या सळयांखाली कव्हर ब्लॉक ठेवायचे, चालण्यासाठी फळ्या टाकायच्या आणि काँक्रीट ओतण्याच्या अगदी आधी टेप लावून वरच्या सळईची उंची मोजायची. पाच मिनिटांचं काम आहे. पण त्या पाच मिनिटांत काय बघायचं हे माहीत असलेला माणूस तिथे हवा.

इंजिनिअर आहे, तरी आर्किटेक्ट का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मधे विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते मजले एखाद्या पेटीसारखे ताठ होतात. खाली नुसते खांब. जमीन हलली की वरची पेटी एकसंध हलते आणि सगळा वाकवण्याचा भार त्या खालच्या खांबांवर येतो.

आता सांगा, तळमजला मोकळा ठेवायचं कोणी ठरवलं? इंजिनिअरच्या हातात नकाशा येतो तेव्हा ते आधीच ठरलेलं असतं. खांब कुठे, भिंती कुठे, जिना एका कोपऱ्यात की मधे, हे निर्णय पहिल्या रेखाटनात होतात आणि ते आर्किटेक्ट घेतो. पार्किंग नको असं नाही. पण काही ठिकाणी खालपर्यंत येणाऱ्या काँक्रीटच्या भिंती हव्यात, हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं. नंतर त्या घुसवायला गेलं की गाड्या वळत नाहीत आणि मग भिंतीच गळतात.

महाराष्ट्राला हा धडा त्याआधीच मिळाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं झोपेतच गेली. तिथली घरं जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद. भिंत जाड होती, पण आत आणि बाहेर असे दोन वेगळे थर, मधे दगडमातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटले आणि वरचं वजन खाली आलं. जाड म्हणजे मजबूत, हा आपला समज किती घातक असू शकतो ते इथे दिसतं. मजबुती जाडीपेक्षा बांधणीत असते.

समजलं की सुचतं

हे सगळं भीतीपोटी शिकायचं नाही. रचना कळली की नवं सुचतं, हे सांगायला मी लॉरी बेकर यांचं उदाहरण देतो. इंग्लंडहून आलेल्या या वास्तुकाराने तिरुवनंतपुरममध्ये आयुष्याचा मोठा काळ काम केलं. स्पंजवर आपण पाहिलं की स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट ताणाखाली असतं, म्हणजे तिथे ओढ सांभाळते ती सळई. मग तिथलं थोडं काँक्रीट कमी केलं तर? बेकर यांनी सळयांच्या मधल्या चौकोनांत मंगलोरी कौलं बसवली. काँक्रीट वाचलं, वजन घटलं, आणि छताला खालून सुंदर नक्षी आपोआप मिळाली. पण आपल्या बाल्कनीत हीच कौलं तळाशी घातली तर? तिथे खाली दाब असतो, काँक्रीट तिथेच हवं. नियम एकच, जागा बदलली की उत्तर उलटं.

बेळगाव-सोलापूरकडच्या मंडळींना विजापूर जवळ आहे. गोलघुमट पाहायला गेलात तर आवाजाचे प्रतिध्वनी ऐकून परत फिरू नका. वर बघा. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायला एकमेकांना छेदणाऱ्या कमानी आहेत. वजन कोणत्या वाटेने भिंतींत उतरतं ते बोटाने हवेत काढून पाहा. घरी हेच करायचं असेल तर गळ्यातली साखळी दोन हातांत सैल धरा. ती जो आकार घेते तो उलटा करा, की निव्वळ दाबावर उभी राहणारी कमान मिळते. रॉबर्ट हूकने ही गोष्ट सतराव्या शतकात मांडली, आणि गाउदीने बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी दोऱ्या आणि वजनांच्या पिशव्या टांगून तिचा उपयोग केला.

शिकवण्याचा क्रम

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी शरीर, मग स्पंज-साखळीसारखे प्रयोग, मग साइट आणि शेवटी गणित. गणित कमी महत्त्वाचं नाही. पण आकडा कशाचा हे कळल्यावर तो लक्षात राहतो. साइटवर मुलांनी नुसते फोटो काढायचे नाहीत. एक दिवस फिटरच्या शेजारी बसून रिंग वळवायची. तिचं टोक ९० अंशांत सोडलं तर भूकंपात ती उघडते, १३५ अंशांत आत वळवलं तर खांबाला धरून ठेवते. हे हाताने वळवलेला विद्यार्थी विसरत नाही. फिटरकडून, गवंड्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. आणि त्यांना कारण समजावून सांगितलं तर तेही पुढच्या साइटवर आपणहून फळ्या टाकतात.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, काँक्रीटची गाडी दारात उभी आहे आणि बाल्कनीचं लोखंड दबलंय. ठेकेदार चिडलाय. थांबवू का?" मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "थांबवलंय. फक्त तुम्हाला सांगायला फोन केला."

तास-दीड तास उशीर झाला, एवढंच. मी जिथे गप्प राहिलो होतो तिथे ती बोलली.

आता तुमचा गृहपाठ. आज घरात कुठेही उभे राहा आणि डोक्यावरच्या छताचं वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जातं ते शोधा. स्लॅब, तुळई, खांब, पाया. वाट मधेच तुटल्यासारखी वाटली, तर तो प्रश्न जपून ठेवा. पुढच्या भागात पायाकडे, म्हणजे जमिनीखाली जाऊ. भेटूच.