काळे ते किती काळे?

चित्रीकरण व संकलन आटोपले की चित्रपटातील प्रत्येक दृश्याचे रंग आणि उजळपणा जुळवून घेतात. हे काम ज्याच्याकडे पाहून करतात तो संदर्भ मॉनिटर. चित्र सुंदर दाखवणे हे त्याचे काम नव्हे. आहे तसे दाखवणे, हे त्याचे काम.

पडद्याचा उजळपणा 'निट' या एककात मोजतात. चित्रपटगृहातला पांढरा पडदा सुमारे ४८ निट असतो. जुन्या दूरचित्रवाणीसाठी १०० निट पुरत. २०१४ साली प्रमाणित झालेल्या एचडीआरच्या मोजपट्टीने मात्र १०,००० निट गाठले! अनेक संदर्भ मॉनिटर १,००० निटवर थांबतात.

खरी अडचण काळोखाची आहे. द्रवस्फटिकाच्या पडद्यामागे दिवा सतत जळत असतो. दारे मिटली तरी, समजा, हजारातला एक भाग झिरपतो. पांढरा १०० निट असता काळा ०.१ निट, ते खपते. पांढरा १,००० निट केला की काळा १ निट, म्हणजे चक्क राखाडी! असे पाहून रंगकर्मी रात्रीचे दृश्य आणखी काळे करील, आणि चांगल्या पडद्यावर पाहणाऱ्याला त्यातली माणसेच दिसणार नाहीत.

मग एकामागे एक असे दोन थर का लावू नयेत? हजाराव्या भागाचा पुन्हा हजारावा भाग, म्हणजे दहा लाखांत एक. २०१८ मध्ये आलेल्या सोनीच्या बीव्हीएम-एचएक्स३१० मॉनिटरचे प्रमाण हेच आहे. दोन थर भेदायला मागचा दिवा मात्र फारच प्रखर लागतो.

खोलीही अंधारीच हवी. समोर बसणाऱ्याचा पांढरा सदरासुद्धा काचेत उमटतो.