टाळूच्या ऑपरेशनआधी बाळाचं काय काय तपासतात

फाटलेला ओठ जन्मताच दिसतो. ओठ नीट असून आत टाळू फाटलेली असेल, तर बॅटरी लावून तोंडात बघितल्याशिवाय ती कळत नाही. दूध नाकातून येतं, बाळ ओढून ओढून दमतं, आणि घरात बोल लागतो आईला: दूधच कमी आहे, नाहीतर ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. आईचा यात काहीही दोष नाही. टाळूचे दोन भाग गर्भात बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळतात. ते जुळायचे राहतात, इतकंच.

कुठे दाखवायचं

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये मुलं तपासतात. दुभंगलेली टाळू त्यांच्या यादीत आहे आणि पुढचे उपचार मोफत आहेत. अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगरच्या जिल्हा रुग्णालयात यायचं म्हणजे दिवस मोडतो. राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा संस्थेचं रुग्णालय आणि दंत महाविद्यालय दोन्ही आहेत.

तोंडाच्या आत

डॉक्टर जीभ दाबून पडजिभेपर्यंत बघतात आणि टाळूवरून बोट फिरवतात. बोट फिरवणं महत्त्वाचं, कारण कधीकधी वरची त्वचा अखंड असते आणि खालचे स्नायू जुळलेले नसतात. पडजीभ दुभंगलेली, मधोमध निळसर पट्टा, हाडाच्या मागच्या कडेला खाच, या तिन्ही खुणा शोधाव्या लागतात. त्या निसटल्या, तर मूल शाळेत जायच्या वयात नाकातून बोलतं तेव्हा पत्ता लागतो.

दूध आणि वजन

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. टाळू उघडी असल्याने बाळाला तोंडात ओढ तयार करता येत नाही. आईचं दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला उभट धरून, थोडं थोडं पाजायचं आणि मध्येमध्ये ढेकर काढायची. आईला हे सांगून भागत नाही. तिच्याकडून समोर करून घ्यावं लागतं. वजनाचा आलेख चढत नसेल, तर ऑपरेशन पुढे जातं. हिमोग्लोबिन साधारण 10 तरी लागतं.

कान, हृदय, जबडा

टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात, म्हणून या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं. ऐकू कमी आलं तर टाळू शिवूनही बोलणं मागे पडतं. म्हणून श्रवणचाचणी आधीच करायची. हृदयात आवाज आला तर इको. हनुवटी फार आत असेल, झोपेत श्वास घरघरत असेल, तर जीभ मागे पडून श्वास अडू शकतो, आणि भूलतज्ज्ञाला ते आधी कळायलाच हवं.

तारीख

टाळू साधारण 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान शिवतात, म्हणजे शब्द फुटायच्या सुमारास. ठरल्या दिवशी सर्दी, खोकला किंवा ताप असेल, तर खेप वाया जाईल म्हणून लपवू नये. भूल देण्यापूर्वी अंगावरचं दूध चार तास आणि वरचं दूध सहा तास बंद ठेवायला सांगतात. शेवटचं दूध किती वाजता पाजलं, ते कागदावर लिहूनच न्यावं.