विंडोज १० नंतरचा जुना संगणक आणि ‘गिम्प’

छत्तीसगडमधील भिलाई शहरात, पोलाद कारखान्याच्या वसाहतींपासून जवळच, जी. ई. रोडलगत सुपेला हा गजबजलेला बाजाराचा भाग आहे. रविवारी तेथे मोठा बाजार भरतो. अशा बाजारपेठेत एक दुकान हमखास असते : बाहेर झेरॉक्सचा फलक, आत पांढरा पडदा लावलेला कोपरा आणि टेबलावर एक जुना संगणक. पासपोर्ट आकाराचे छायाचित्र काढून देणे, ते ऑनलाइन अर्जाला जोडता येईल इतके लहान करून देणे आणि अर्ज भरून देणे, ही या संगणकाची रोजची कामे. शासकीय दाखल्यांचे काम करणाऱ्या केंद्राला छत्तीसगडमध्ये ‘चॉइस सेंटर’ म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकांनी ‘महा ई-सेवा केंद्र’ डोळ्यांपुढे आणावे.

या जुन्या संगणकांपुढे एक अडचण उभी राहिली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची जी योजना कंपनीने जाहीर केली, तिची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने सात-आठ वर्षांपेक्षा जुन्या बहुतेक यंत्रांवर ती प्रणाली अधिकृतपणे बसत नाही. यंत्र धडधाकट असते, पण सुरक्षा दुरुस्त्यांविना ते महाजालाशी जोडून त्यावर ग्राहकांची आधारपत्रे आणि बँकेचे तपशील हाताळणे धोक्याचे ठरते.

दुसरी अडचण जुनीच आहे, फक्त तिच्याविषयी मोठ्याने बोलले जात नाही. छायाचित्र म्हटले की फोटोशॉप, असे समीकरण झाले आहे आणि अनेक ठिकाणी ते विनापरवाना वापरले जाते. ॲडोबी कंपनीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणी पद्धतीने देण्यास सुरुवात केली. छोट्या दुकानाला दर महिन्याची ही वर्गणी जड वाटते, हे समजण्यासारखे आहे. मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार, बेकायदा प्रत असल्याचे माहीत असूनही तिचा संगणकावर वापर करणे हा गुन्हा असून त्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यापार किंवा आर्थिक लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कारावासाऐवजी केवळ दंड करू शकते. दुकानदाराला ही सवलत मिळणे कठीण, कारण त्याचा वापर व्यवसायासाठीच असतो.

या दोन्ही अडचणींवर सुचवला जाणारा उपाय म्हणजे संगणकावर लिनक्स प्रणाली आणि तिच्यावर ‘गिम्प’ हे छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर. १९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी गिम्पचे काम सुरू केले. १९९६ मध्ये ते लोकांपुढे आले. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे, ते विनामूल्य मिळते आणि व्यवसायात वापरण्यासही परवान्याची आडकाठी नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

येथे एक सल्ला द्यावासा वाटतो. प्रणाली आणि सॉफ्टवेअर दोन्ही एकाच दिवशी बदलू नयेत. गिम्प विंडोजवरही चालते. जुन्या प्रणालीवर असतानाच गिम्पचा पंधरा दिवस सराव करावा, हात बसला की मगच लिनक्सकडे वळावे. सोमवारी सकाळी अर्जाची शेवटची तारीख असलेले पाच विद्यार्थी समोर उभे असताना ‘ही खिडकी कोठे गेली’ याचा शोध घेत बसण्याची वेळ येऊ नये.

लिनक्सही आधी पाहून घेता येते. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांची प्रतिमा-फाईल उतरवून ‘रूफस’सारख्या साधनाने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या डिस्कला हात न लावता पूर्ण प्रणाली चालू होते. वेग थोडा मंद असतो एवढेच. अशा चाचणीत गिम्पही तात्पुरते बसवता येते, संगणक बंद करताच ते नाहीसे होते. डिस्कवर प्रणाली कायमची बसवण्याची वेळ आली की मात्र ग्राहकांची आणि घरची सर्व छायाचित्रे आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय एका टिचकीच्या अंतरावर असतो.

आता मूळ मुद्दा. विंडोजवर वाढलेल्या माणसाला लिनक्सवर सर्वाधिक गोंधळात टाकणारी गोष्ट कोणती, तर सॉफ्टवेअर मिळवण्याची रीत. विंडोजवरील सवय अशी असते : शोधयंत्रात नाव लिहायचे, पहिल्या दुव्यावर टिचकी मारायची, फाईल उतरवायची, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचे. ही सवय धोक्याची आहे, आणि गिम्पच्याच बाबतीत तिचा प्रत्यय आला आहे. मे २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरील विंडोजसाठीच्या गिम्पच्या फाईलला जाहिराती घुसवणारे वेष्टन चढवण्यात आल्याचे उघड झाले. गिम्पच्या चमूने ते संकेतस्थळ २०१३ मध्येच सोडले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलवरील एका जाहिरातीत गिम्पचा खरा पत्ता दिसत होता, पण टिचकी मारणारा पोहोचत होता त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या बनावट संकेतस्थळावर. तेथून उतरणारी फाईल संकेतशब्द चोरणारी होती.

लिनक्समध्ये फाईल शोधत फिरायचे नसते. प्रत्येक लिनक्स वितरणाचे स्वतःचे भांडार असते. त्यात हजारो सॉफ्टवेअर तपासून, डिजिटल सही करून ठेवलेली असतात. संगणक ती सही पडताळूनच सॉफ्टवेअर बसवतो आणि पुढच्या दुरुस्त्याही त्याच भांडारातून आणतो. किराणा मालाच्या एकाच खात्रीच्या दुकानात खाते असावे, तशी ही व्यवस्था. लिनक्सवर येऊनही जुन्या सवयीने कोणत्यातरी संकेतस्थळावरून फाईल उतरवून ती उघडत नाही म्हणून त्रस्त होणारे अनेक आहेत. त्यांची चूक इतकीच की, ते चुकीच्या दाराशी उभे असतात.

लिनक्स मिंटमध्ये यादीतून ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडावा, शोधचौकटीत गिम्प हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे आणि ‘इन्स्टॉल’वर टिचकी मारावी. उबुंटूमध्ये हेच काम ‘ॲप सेंटर’ करते. मिंटमध्ये गिम्पच्या दोन नोंदी दिसू शकतात, तेव्हा गोंधळू नये. एक वितरणाच्या भांडारातील, दुसरी ‘फ्लॅटपॅक’ या वेष्टनातील असते. उबुंटू २४.०४ आणि त्यावर आधारित मिंट २२ यांच्या भांडारात जुनी २.१० आवृत्ती आहे. ३.० किंवा त्यापुढील हवी असेल तर फ्लॅटपॅक निवडावे. पहिल्या वेळी ते सोबतचा आधारभूत भाग घेऊन येते म्हणून अधिक डेटा खर्च होतो. पासपोर्ट छायाचित्रांसाठी २.१० पुरेशी आहे.

कोणी जाणकार मात्र काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडायला सांगेल. त्यालाही घाबरण्याचे कारण नाही. सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल आणि गिम्प हे चार शब्द इंग्रजी लहान लिपीत, मध्ये एकेक जागा सोडून लिहायचे आणि एंटर दाबायचा. पहिला शब्द प्रशासकाचा अधिकार मागतो, दुसरा भांडाराचा कारभारी आहे, उरलेले दोन म्हणजे काम आणि वस्तू. यानंतर संकेतशब्द विचारला जातो, आणि तो लिहिताना उबुंटू २४.०४ मध्ये, तसेच इतर बऱ्याच वितरणांत, पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असे समजून नवखे येथेच थांबतात. न दिसता लिहून पुन्हा एंटर दाबावा.

गिम्प सुरू झाल्यावर पहिली ठेच लागते ती फाईल साठवताना. ‘सेव्ह’ केले की ती एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात जाते आणि असा प्रकार अर्जाचे संकेतस्थळ स्वीकारत नाही. (बर्कलीतील ज्या विद्यार्थी-मंडळात गिम्प जन्माला आले, त्या एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटीची ही आद्याक्षरे.) जेपीईजी फाईलसाठी ‘एक्स्पोर्ट ॲज’ हा पर्याय वापरावा लागतो. २०१२ मधील २.८ आवृत्तीपासून ही विभागणी आहे. भाषांतराच्या मेजावर आम्ही या शब्दाला बेधडक ‘निर्यात’ लिहितो, पण तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे कांदा आणि साखर असते. येथे फक्त छायाचित्र घराबाहेर पाठवायचे आहे.

पासपोर्ट छायाचित्राचे गणित सोपे आहे. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे छायाचित्र ३०० डीपीआयला सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेल भरते. क्रॉप साधनाच्या पर्यायांत प्रमाण ३५:४५ असे बांधून घ्यावे, चेहरा चौकटीत बसवावा आणि ‘स्केल इमेज’मध्ये वरील आकडे भरावेत. चार बाय सहा इंचांच्या कागदावर अशी आठ छायाचित्रे बसतात. अर्जांचे आकार वेगळे असतात : आयबीपीएसच्या बँक भरतीच्या सूचनांत छायाचित्र २०० बाय २३० पिक्सेल व २० ते ५० केबी, आणि सही १४० बाय ६० पिक्सेल व १० ते २० केबी, असे सांगितलेले असते. एक्स्पोर्टच्या वेळी ‘क्वालिटी’ची पट्टी सरकवताना पूर्वदृश्याच्या चौकटीत खूण केली की होणारा आकार केबीमध्ये आधीच दिसतो. विंडोजवर अंदाजाने चार वेळा साठवून पाहणाऱ्यांना ही एवढीशी सोय फार उपयोगी पडते.

देवनागरी मजकुराबाबत गिम्प चांगले आहे. अक्षरे जुळवण्याचे काम ते ‘पँगो’ या संचाकडे सोपवते; ‘पॅन’ म्हणजे ग्रीकमध्ये सर्व आणि ‘गो’ म्हणजे जपानीत भाषा, असे हे जोडनाव. युनिकोडमध्ये लिहिलेली जोडाक्षरे त्यात नीट जुळतात. लोहित आणि नोटो हे टंक भांडारात आहेत. अडचण येते ती कृतिदेवसारख्या जुन्या टंकांतील मजकुराची. तो युनिकोड नसल्याने टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. जुन्या संगणकावरील टंकाची फाईल, तिचा परवाना असल्यास, नव्या प्रणालीत बसवावी, किंवा मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण कामाचा. गिम्पच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये मराठी भाषा निवडण्याची सोयही आहे, मात्र भाषांतर पूर्ण नसल्याने पडद्यावर मराठी-इंग्रजीची मिसळ दिसते.

फलक छापणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. छपाईतील चार शाईंच्या, म्हणजे सीएमवायके, रंगपद्धतीत गिम्प थेट काम करत नाही. ३.० आवृत्तीत त्या पद्धतीची फाईल एक्स्पोर्ट करण्याची आणि छपाईचे रंग आधी पाहण्याची सोय सुधारली असली, तरी फ्लेक्सचेच काम मुख्य असलेल्याने मोठ्या मागणीआधी एक नमुना छापून पाहावा.

दुकानातील प्रिंटर आणि स्कॅनर पेनड्राइव्हवरील चाचणीच्या वेळीच जोडून पाहावेत. बहुतेक चालतात, काहींना कंपनीची वेगळी फाईल लागते. चॉइस सेंटर चालवणाऱ्याने आधार प्रमाणीकरणाचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र लिनक्सवर चालते का, हे विक्रेत्याला आधी विचारून घ्यावे. चालत नसेल तर तेवढ्या कामासाठी विंडोज ११ चा एक संगणक ठेवून छायाचित्रांचे काम जुन्या यंत्रावर लिनक्सने करता येते.