किनारा एक, व्यवसाय दोन

मालवणच्या जेट्टीवर सुट्टीच्या दिवसांत जी रीघ लागते, ती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यासाठी. तेथून परतलेला पर्यटक मासळीचे ताट शोधतो. किल्ल्यापर्यंतची होडी आणि ताटातला बांगडा, दोन्ही बहुधा मच्छीमार कुटुंबांकडूनच येतात.

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबई-पुण्याची माणसे तारकर्ली, देवबागच्या वाळूपर्यंत पोहोचली. मच्छीमारांनी घरालगत खोल्या काढल्या, कोणी होडीतून डॉल्फिन दाखवू लागला, कोणी स्कूबा डायव्हिंगकडे वळला.

हा बदल सुखाचा वाटतो. पण अडचण रापणीपाशी आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात पसरायचे, मग दोन्ही टोके धरून पंचवीस-तीस माणसांनी वाळूवर उभे राहून खेचायचे आणि मिळालेल्या तारली-बांगड्याचे वाटे करायचे. या मासेमारीला इंजिनापेक्षा मोकळा किनारा अधिक लागतो. नेमक्या त्याच वाळूवर आता खुर्च्या, छत्र्या आणि जलक्रीडेच्या बोटी उभ्या असतात. समुद्राकडून यांत्रिक पर्ससीन जाळ्यांनी आधीच कोंडी केली होती. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्यावर निर्बंध घातले. तरी संघर्ष शमला नाही.

पर्यटन हा मासेमारीला आधार, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि पारंपरिक होड्याही खवळलेल्या समुद्रात क्वचितच उतरतात. किल्ल्याची होडीसेवा व जलक्रीडाही मेअखेरीस थांबतात, त्या थेट ऑगस्टनंतर सुरू होतात. हंगाम सरता सरता वारा बदलतो, तेव्हाची जोखीम २४ मे २०२२ रोजी दिसली. तारकर्लीत स्कूबाच्या पर्यटकांची बोट बुडून दोघांचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या महिन्यांत जाळे कोरडे, त्याच महिन्यांत खोल्याही रिकाम्या. कर्जाचे हप्ते तेवढे चालू असतात.