कुलूप एक, किल्ल्या दोन

जुन्या काळ्या टेलिफोनला कुलूप असे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. तबकडीच्या एका छिद्रात बोटाच्या पेराएवढे कुलूप अडकवले की तबकडी फिरेनाशी होई. मी नोकरीला लागलो त्या शाखेत असा फोन होता आणि किल्ली साहेबांच्या खिशात. पण शिपायापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते, की रिसीव्हर ठेवायची खुंटी तीनदा टकटक दाबली की तीनचा आकडा लागतो आणि दहादा दाबली की शून्याचा. कुलूप शाबूत, किल्ली खिशात आणि फोन मात्र लागलेला! साहेब बदलून जाईपर्यंत रोज संध्याकाळी न चुकता कुलूप लावत होते.

गेल्या पावसाळ्यात बुलढाण्याच्या आमच्या घरी त्या कुलपाची फार आठवण झाली.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो २०२० साली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे ते दिवस. खाली कुकरच्या शिट्ट्या आणि माझ्या बातम्या, म्हणून नातवाचे टेबल माडीवरच्या खोलीत मांडले. पुढे शाळा उघडली, नातू सातवीत गेला. टेबल मात्र माडीवरच राहिले आणि खोलीचे दार लोटलेले राहू लागले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर. एके दिवशी मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही बँकवाले. आयुष्यभर किल्ल्या सांभाळल्यात. आता हेही सांभाळा.”

मीही ते मनावर घेतले. नातवासाठी मायक्रोसॉफ्टचे मुलांसाठी असते ते वेगळे खाते उघडले. त्यात कोणत्या वारी किती ते किती वाजेपर्यंत यंत्र चालेल हे ठरवता येते, आणि नको त्या साइट्स अडवता येतात. ही अडवणूक त्यांच्याच ‘एज’ नावाच्या ब्राउझरमध्ये चालते. म्हणून ती सुरू केली की इतर नेहमीचे ब्राउझर बंद होतात. दुसरे कुलूप राउटरवर. त्यात क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता भरला की घरच्या वायफायवरून अश्लील साइट्स उघडत नाहीत. ही सोय २०२० पासून आहे आणि फुकट आहे. दोन्ही कुलपे लावून, पासवर्ड माझ्या डायरीत लिहून मी निश्चिंत झालो.

खुंटी सापडायला त्याला आठवडासुद्धा लागला नाही. आजीच्या मोबाइलवर हॉटस्पॉट लावला की राउटरचे कुलूप बाजूला राहते. राहिले कॉम्प्युटरचे खाते. तर त्याने बापाचे खाते उघडले. पासवर्ड म्हणजे बापाचीच जन्मतारीख! आजीने फोन हौसेने दिला, कारण “पोराला प्रोजेक्ट करायचं आहे.”

इथवर ही हसण्यासारखी गोष्ट होती. पुढे मात्र नातू जेवताना गप्प राहू लागला. माडीवर जाईना, आजीचा फोनही मागेना. आठ-दहा दिवसांनी रात्री आजीच्या कुशीत रडत त्याने सांगितले, की खेळात भेटलेला कुणी ‘दादा’ रोज गोड बोलायचा आणि आता फोटो मागत होता. कसले, ते इथे लिहीत नाही. नाही म्हटल्यावर त्याने धमकी दिली होती.

फोटो गेला नव्हता, हे नशीब. संदेश जपून ठेवून मुलाने सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आम्हाला तेव्हाच माहीत झाली. पण मला झोप येईना ती दुसऱ्याच प्रश्नाने. मी त्याला विचारले होते, “आठ दिवस का नाही बोललास रे?” तो म्हणाला, “आबा, मी कुलूप तोडलं होतं ना. आधी त्याचाच मार बसला असता.”

म्हणजे मी लावलेले कुलूप इंटरनेटला बसलेच नव्हते. बसले होते ते पोराच्या तोंडाला.

बँकेत तिजोरीची किल्ली एकाच्या हाती कधीच नसते. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे मिळूनच तिजोरी उघडते, आणि जास्तीच्या किल्ल्या दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या असतात. याला ‘जॉइंट कस्टडी’ म्हणतात. यात कॅशियर चोर आहे असा संशय नसतो, कारण साहेबावरही तेच बंधन असते. ज्याने ही पद्धत इतकी वर्षे पाळली, त्याने घरात मात्र दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात घातल्या.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी. ती चालू असेपर्यंत घरचा फोन अडलेला आणि मिनिटागणिक बिल चढते. बिल हेच कुलूप, आणि पुढे विदर्भात लोडशेडिंग हे त्याहून मोठे. बाप आणि लेक, दोघांनाही ते सारखेच बसे.

यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. कळकळ खरी होती, पण बंदी फक्त मुलांना. त्याच वर्षी, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळे ठरवले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही नि मोबाइल बंद, ते सगळ्यांचेच. आईची मालिका बंद, बापाचा फोन बंद, पोराचे पुस्तक उघडे. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती घेण्याचे कलम आहे. कायदे असावेतच. पण आजीचा हॉटस्पॉट कोणता कायदा पकडणार? मला विचाराल तर मी वडगावच्या बाजूचा.

दिवाळीत टेबल माडीवरून खाली आणले. आता ते बैठकीत आहे, पडदा दाराकडे तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. राउटरचे कुलूप ठेवले, कारण चुकून समोर येणारी घाण तेवढी तरी अडते. मुलाने जन्मतारीख बदलून दुसरा पासवर्ड घातला. नातवाच्या खात्यावर वेळ वाढवायची असेल तर ‘का’ ते तो सांगतो आणि आम्ही बहुधा देतो. खेळात कुणी काही विचित्र बोलले आणि त्याने सांगितले, तर त्या दिवशी वेळेचा, पासवर्डचा, कशाचाच हिशेब विचारायचा नाही, हे त्याच्या बापाने सर्वांसमोर कबूल केले आहे. त्याला ते जड गेले. नऊनंतर सगळ्यांचे फोन देवघराशेजारच्या टोपलीत, आजीचासुद्धा. ती दोन दिवस रुसली होती.

शेजारी मी एक जुने रजिस्टर ठेवले. कुणी किती वाजता यंत्र उघडले, कशासाठी, खाली सही. सवय जात नाही. परवा चाळले, तर नातवाच्या वळणदार अक्षरात एक नोंद दिसली: “आबा. रात्री ९.४०. क्रिकेट. टोपलीतून फोन परस्पर काढला.” सहीची जागा माझ्यासाठी रिकामी सोडली होती. केली.